एक जिल्हा, दोन खोरी: अटल बोगद्यानंतरचे लाहौल-स्पिती

लाहौल-स्पिती हा हिमाचल प्रदेशातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आणि लोकसंख्येने सर्वांत लहान जिल्हा आहे. सुमारे 13,800 चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशात 2011 च्या जनगणनेनुसार 31,564 माणसे राहत होती, म्हणजे एका चौरस किलोमीटरला जेमतेम दोन. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकत्र केले तर साधारण एवढेच क्षेत्र भरते. तिथली लोकसंख्या मात्र त्याच वर्षी चोवीस लाखांच्या वर होती. लाहौल-स्पितीत जनगणनेच्या व्याख्येत बसणारे एकही शहर नाही. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले केलाँगदेखील सरकारी कागदावर ग्रामीण वस्तीच आहे.

या जिल्ह्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक प्रवासवर्णन असते, आणि त्यात लाहौल व स्पिती ही दोन नावे एका दमात, जणू एकाच जागेची असावीत अशी येतात. प्रस्तुत अभ्यासाचा विषय त्या दोन नावांमधील अंतर हा आहे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा वाहतुकीसाठी खुला झाला आणि लाहौलचा शतकानुशतकांचा हिवाळी बंदिवास संपला. त्याच जिल्ह्यातील स्पितीच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. एका जिल्ह्याचा निम्मा भाग बारमाही जोडला जातो आणि दुसरा आहे तिथेच राहतो, तेव्हा त्या जिल्ह्याचे काय होते, हे येथे तपासायचे आहे.

जमिनीची रचना

लाहौल हे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचे खोरे. दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्या परिसरात उगम पावतात, विरुद्ध दिशांना निघतात, आणि डोंगरांच्या एका मोठ्या समूहाला वळसा घालून केलाँगजवळ टांडी येथे एकत्र येतात. तिथून पुढे त्यांना चंद्रभागा म्हणतात. जम्मूत पोचेपर्यंत तीच चिनाब होते. टांडीच्या खालचे पट्टन खोरे जिल्ह्यातले सर्वांत सखल आणि सुपीक. विलोच्या झाडांच्या रांगा, बटाटा, फ्लॉवर आणि वाटाण्याची शेते, दाट वस्तीची गावे असे त्याचे रूप आहे. लाहौलच्या दक्षिणेला पीर पंजाल रांग आणि तिच्यावरील 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड. पलीकडे कुल्लू आणि मनाली. मान्सून या रांगेवर बराचसा अडतो, आणि लाहौलला मिळणारे पाणी मुख्यतः हिवाळ्यातील पश्चिमी वाऱ्यांनी आणलेल्या बर्फाचे असते.

स्पितीची गोष्ट निराळी. स्पिती नदी कुंझुम रांगेच्या पूर्वेला उगम पावते, आग्नेयेकडे वाहते आणि किन्नौर जिल्ह्यात खाब येथे सतलजला मिळते. म्हणजे लाहौलचे पाणी चिनाबला जाते आणि स्पितीचे सतलजला. दोन्ही खोरी जलविभाजकाच्या दोन अंगांना आहेत. स्पितीत पाऊस फारच कमी पडतो आणि उघड्या उतारांवर झाड जवळजवळ दिसत नाही. काझा हे उपविभागाचे ठिकाण सुमारे 3,650 मीटरवर आहे; किब्बर, लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावे त्याहून सहाशे ते नऊशे मीटर वर. हिमनदीचे किंवा झऱ्याचे पाणी कूल, म्हणजे पाट, खोदून शेतापर्यंत आणायचे आणि त्यावर जव, काळा वाटाणा व अलीकडच्या काळात हिरवा वाटाणा घ्यायचा, हा तिथला शेतीचा पाया.

या दोन खोऱ्यांना जोडणारी वाट एकच, 4,550 मीटरच्या आसपासची कुंझुम खिंड. केलाँगहून काझाला जायचे तर कोकसर, ग्रामफू, छत्रू, बातल, कुंझुम, लोसर असा साधारण 190 किलोमीटरांचा रस्ता आहे. त्यातला ग्रामफू ते लोसर हा ऐंशीएक किलोमीटरांचा पट्टा बारमाही वस्तीविना आहे. छत्रू आणि बातलला उन्हाळ्यात ढाबे लागतात आणि थंडी सुरू होताच उठतात. सर्वसाधारणपणे नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत ही वाट बंद असते. या काळात काझातल्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्याच्या मुख्यालयी जायचे असेल तर ताबो, सुमदोमार्गे किन्नौरमध्ये उतरायचे, रिकाँग पिओ, रामपूर करीत सतलजच्या कडेने खाली यायचे, तिथून बियासच्या खोऱ्यात शिरून मंडी, कुल्लू, मनाली गाठायचे आणि बोगद्यातून केलाँगला पोचायचे. हे अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक भरते आणि वाटेत राज्यातले किमान तीन जिल्हे लागतात. पूर्वी बोगदा नव्हता तेव्हा हाही मार्ग रोहतांगपाशी अडत असे, आणि हिवाळ्यात हेलिकॉप्टरची फेरी मिळाली तरच केलाँग गाठता येई.

सीमा कशी आखली गेली

इतकी विषम रचना असताना हा एकच जिल्हा का झाला, याचे उत्तर भूगोलात सापडत नाही. ते इतिहासात, आणि त्यातही अगदी थोड्या वर्षांच्या योगायोगात आहे.

1846 मध्ये पहिल्या शीख युद्धानंतर कुल्लू आणि लाहौल ब्रिटिशांकडे आले. त्याआधी लडाखशी बांधलेली स्पितीही त्याच वर्षी त्यांनी आपल्याकडे घेतली. दोन्ही प्रदेश तेव्हाच्या कांगडा जिल्ह्यातील कुल्लू उपविभागाला जोडले गेले. लाहौलचा कारभार ठाकूर घराण्यांमार्फत चाले, तर स्पितीत क्युलिंगच्या नोनोकडे, म्हणजे वंशपरंपरागत प्रमुखाकडे, महसूल व न्यायाचे अधिकार होते आणि त्यांना 1873 च्या स्पिती विनियमाने कायदेशीर रूप दिले. सरकारी अधिकाऱ्याने स्पितीत जाणे ही दुर्मीळ घटना असे. लाहौलमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून केलाँगला मोरावियन या ख्रिस्ती पंथाचे मिशन होते. बटाट्याची लागवड आणि लोकरी मोजे विणण्याचे कौशल्य त्यांच्या काळात तिथे रुजले, आणि तिबेटी भाषेचे महत्त्वाचे कोशकार येश्के यांनी तिथेच काम केले. दोन खोऱ्यांच्या बाहेरच्या जगाशी असलेल्या संबंधांत एवढा फरक तेव्हाच पडला होता.

1960 हे वर्ष निर्णायक ठरले. तिबेटमधील घडामोडींनंतर सरहद्दीवरचे दुर्गम प्रदेश थेट प्रशासनाखाली आणण्याचे धोरण आले आणि त्या एका वर्षात उत्तरकाशी, चमोली, पिथोरागढ, किन्नौर आणि लाहौल-स्पिती हे सर्व जिल्हे निर्माण झाले. स्पितीचे नैसर्गिक शेजारपण किन्नौरशी आहे. नदी तिकडे जाते, हिवाळ्याची वाट तिकडे जाते, धर्मपरंपरेचे धागेही तिकडे जातात. पण 1960 मध्ये किन्नौर हिमाचल प्रदेश या केंद्रशासित प्रदेशात होता आणि स्पिती पंजाब राज्यात. दोहोंच्या मधून राज्याची सीमा जात असल्यामुळे स्पितीला जोडण्यासाठी पंजाबात सरहद्दीवरचा शेजारी उरला तो लाहौलच. पुढे 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबचे विभाजन झाले, लाहौल-स्पिती हिमाचलात आला आणि ती राज्यसीमा पुसली गेली. जिल्ह्याची सीमा मात्र तशीच राहिली. सहा वर्षे टिकलेल्या एका परिस्थितीने आखलेल्या चौकटीत ही दोन खोरी आजही आहेत, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मूळ इथे आहे.

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली 1975 मध्ये संपूर्ण जिल्हा अनुसूचित क्षेत्र घोषित झाला. पुढे ऐंशीच्या दशकात आदिवासी भागांसाठी एकसूत्री प्रशासन आणले गेले, त्यात काझाला अतिरिक्त उपायुक्त (म्हणजे अतिरिक्त जिल्हाधिकारी) बसू लागला आणि विविध खात्यांचे अधिकार त्याच्या हाती एकवटले. स्पिती मुख्यालयापासून तुटलेली आहे हे सरकारने स्वतः मान्य केल्याचा हा पुरावा आहे. पण हा उपाय एका अधिकाऱ्याच्या टेबलापुरता आहे. विधानसभेची जागा एक, जिल्हा परिषद एक, आणि जिल्हा म्हणून जी मोजमापे राज्याकडे व केंद्राकडे जातात तीही एकत्रच.

बोगद्यापूर्वीचा लाहौल

बोगद्याचे मोल समजून घ्यायचे तर त्याआधीचा हिवाळा नीट पाहायला हवा. रोहतांग साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात बंद होई आणि एप्रिल-मेमध्ये उघडे. त्या पाच-सहा महिन्यांसाठी धान्य, रॉकेल, औषधे, गुरांचा चारा, सारे आधी भरून ठेवावे लागे. अडल्या बाळंतिणीला किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला बाहेर काढायचे तर हवामान उघडण्याची आणि हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळण्याची वाट पाहणे एवढेच हाती असे. ज्यांना थांबणे शक्य नव्हते ते खिंड पायी ओलांडत, आणि बर्फाच्या वादळात सापडून वाटेतच मरण पावलेल्यांची आठवण लाहौलच्या बहुतेक गावांत आहे. कुल्लू खोऱ्यात दुसरे घर असणे ही लाहौलच्या सधन कुटुंबांची गरज बनली ती यामुळेच. म्हातारी माणसे आणि गुरे वर, मुले शाळेसाठी खाली, अशी कुटुंबे हिवाळाभर विभागलेली असत.

ठोलंग गावचे टशी दावा, ज्यांना अर्जुन गोपाल या नावानेही ओळखले जाई, हे अटलबिहारी वाजपेयी यांचे जुने परिचित होते. वाजपेयी पंतप्रधान झाल्यावर ते ही मागणी घेऊन दिल्लीला गेले. बोगद्याची कल्पना त्याआधीपासून चर्चेत होती आणि लडाखकडे जाणाऱ्या लष्करी मार्गाचे महत्त्व हे तिचे प्रमुख कारण होते. तरी एका छोट्या गावातील माणसाने तिचा पाठपुरावा केला ही गोष्ट लाहौलमध्ये आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि ती योग्यच आहे. 3 जून 2000 रोजी निर्णय झाला, मे 2002 मध्ये दक्षिण मुखाकडे जाणाऱ्या रस्त्याची पायाभरणी झाली, आणि जून 2010 मध्ये प्रत्यक्ष बोगद्याची कोनशिला बसली. सेरी नाल्याखालच्या सुमारे सहाशे मीटरच्या ठिसूळ, पाणी झिरपणाऱ्या पट्ट्याने सीमा सडक संघटनेची कित्येक वर्षे घेतली. 9.02 किलोमीटर लांबीचा, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरचा हा बोगदा अखेर 2020 मध्ये पुरा झाला आणि मनाली-लेह अंतर 46 किलोमीटरांनी घटले.

लाहौलच्या दृष्टीने किलोमीटरांपेक्षा महिन्यांचा हिशेब मोठा होता. रुग्णवाहिका जानेवारीतही कुल्लूला पोचू लागली. फ्लॉवर आणि वाटाणा ट्रकमध्ये भरला की खिंडीवरच्या कोंडीत नासण्याची भीती बरीच कमी झाली. बाहेर शिकणारी मुले हिवाळ्याच्या सणांना, हलडा आणि फागलीला, घरी येऊ शकली. या लाभांची किंमत कोणत्याही टीकेने कमी होत नाही, हे पुढचे सारे लिहिण्याआधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

2020 ची दोन टोके

बोगदा खुला होण्याच्या चार महिने आधी, जून 2020 मध्ये, काझात एक प्रसंग घडला. कोविडच्या साथीच्या काळात बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने विलगीकरणात राहायचे असा निर्णय स्थानिक समितीने घेतला होता. राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री, जे याच मतदारसंघाचे आमदारही होते, काझाला आले असता महिला मंडळांच्या स्त्रियांनी त्यांचा मार्ग अडवला आणि नियम सर्वांना सारखा असल्याचे सांगितले. मंत्र्यांना परतावे लागले. नंतर त्या स्त्रियांवर गुन्हे दाखल झाले आणि त्याची देशभर चर्चा झाली.

या घटनेकडे स्थानिक विरुद्ध सत्ताधारी असा साधा संघर्ष म्हणून पाहिले गेले. मला तिच्यात भूगोल अधिक दिसतो. काझाला एक सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, आणि गंभीर रुग्णाला रिकाँग पिओ, रामपूर किंवा सिमला येथे न्यावे लागते. सिमला चारशेहून अधिक किलोमीटरांवर आहे. अशा जागी साथ शिरली तर तिला तोंड देण्याचे साधनच नाही, हे त्या स्त्रियांना पुरते ठाऊक होते. स्वतःचे दार स्वतः बंद करणे हा त्यांच्याजवळचा एकमेव वैद्यकीय उपाय होता.

दुसरे टोक नोव्हेंबरचे. लाहौलमधील थोरंग या छोट्या गावात बरीच कुटुंबे हिवाळ्यासाठी कुल्लूला गेल्यावर मागे राहिलेल्या चाळीसएक लोकांपैकी एक माणूस सोडून सर्व बाधित आढळले. त्या काळात लोकसंख्येच्या प्रमाणात हा जिल्हा राज्यातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांपैकी होता. याचे कारण नुकताच खुला झालेला बोगदा हेच, असे म्हणण्यास आधार नाही. त्या वेळी धार्मिक समारंभातील एकत्र येणे हे कारण प्रामुख्याने सांगितले गेले. पण दारावर आपला ताबा नसणे म्हणजे काय, हे लाहौलला पहिल्याच हिवाळ्यात कळले. पुढच्या वर्षांत सिस्सू आणि आसपासच्या पंचायतींनी देवतेच्या सणांच्या काळात पर्यटकांना येऊ नये असे सांगण्यास सुरुवात केली, त्याची मुळे या जाणिवेत आहेत असे मला वाटते. हलडाच्या दिवसांत देव स्वर्गात गेलेले असतात आणि गावाने शांत राहायचे असते ही जुनी श्रद्धा. ती बर्फ आपोआप सांभाळत होता. आता ती पंचायतीच्या ठरावाने सांभाळावी लागते.

चंद्रताल, जुलै 2023

जिल्ह्याच्या दुभंगाची सर्वांत कठीण कसोटी जुलै 2023 मध्ये लागली. 8 जुलैपासून हिमाचलवर अतिवृष्टी झाली, बियासच्या पुराने मनाली-कुल्लूचे रस्ते तोडले, आणि त्याच वेळी उंचावर भर उन्हाळ्यात बर्फ पडला. चंद्राच्या वरच्या खोऱ्यात सुमारे 4,250 मीटरवर असलेल्या चंद्रताल सरोवराजवळच्या तंबूंत तीनशेच्या आसपास माणसे अडकली. कुंझुमवर बर्फाचा थर, ग्रामफूकडची वाट दरडींनी आणि नाल्यांनी बंद, मोबाईलचे जाळे नाही, आणि त्यात उंचीमुळे आजारी पडलेली काही माणसे.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, बोगदा जवळ असलेल्या बाजूने मदत येऊ शकली नाही. ती आली काझाहून. 11 जुलैला हवामान थोडे उघडताच सात आजारी व्यक्तींना हेलिकॉप्टरने हलवले गेले. बाकीच्यांसाठी लोसरच्या बाजूने यंत्रे बर्फ कापत कुंझुमवर चढली. काझाचे प्रशासन, सीमा सडक संघटना, पोलीस आणि स्थानिक माणसे यांनी रात्री काम केले, राज्याचे मंत्री जगतसिंह नेगी स्वतः त्या पथकासोबत गेले, आणि 13 जुलैला उरलेल्या सर्वांना स्पितीच्या बाजूने बाहेर काढले. ज्या स्पितीला कागदावर जिल्ह्याचे दुसरे टोक मानले जाते, तिने त्या आठवड्यात मुख्यालयाचे काम केले.

त्याआधी जुलै 2021 मध्ये खुद्द लाहौलमध्ये तोझिंग नाल्याला अचानक पूर येऊन माणसे वाहून गेली होती, आणि उदयपूरच्या बाजूला वाहतूक तुटून पर्यटक अडकले होते. तेव्हा बोगदा पूर्ण खुला होता. मोठ्या दाराच्या आतल्या वाटा मात्र जुन्याच नाल्यांवरून जात होत्या, आणि वितळणाऱ्या हिमनद्यांमुळे त्या नाल्यांचा स्वभाव बदलत चालला आहे. बारा शिगरीसारखी 28 किलोमीटर लांबीच्या आसपासची हिमनदी आणि तिच्या शेजारच्या अनेक लहान हिमनद्या चंद्राच्या खोऱ्यात आहेत. गेपांग गथ हिमनदीच्या तोंडाशी वाढलेले सरोवर फुटले तर सिस्सूचा परिसर धोक्यात येईल, असा इशारा अभ्यासक देत आले आहेत. पर्यटकांची सर्वाधिक गर्दी आज त्याच सिस्सूत होते. चंद्रभागेवर प्रस्तावित असलेल्या जलविद्युत प्रकल्पांना पट्टन खोऱ्यातील गावे विरोध करतात तो या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. बारमाही रस्ता आल्यावर अवजड यंत्रे आणणेही सोपे होते, हे त्या गावांनी बरोबर ओळखले आहे.

स्पितीचा हिवाळा

स्पितीला हिवाळ्यात पूर्ण बंद म्हणणे चूक ठरेल. किन्नौरकडचा रस्ता बहुतेक वर्षे बाराही महिने चालू ठेवला जातो. पण चालू असणे आणि भरवशाचे असणे यांत फरक आहे. नाकोजवळचा मलिंग नाला कित्येक दशके घसरत आहे आणि तिथे रस्ता पुन्हापुन्हा तुटला आहे. 19 जानेवारी 1975 रोजी किन्नौर भागात झालेल्या मोठ्या भूकंपात, ज्यात 996 सालच्या ताबो गोम्पाचीही (बौद्ध मठाचीही) हानी झाली, हीच वाट ऐन थंडीत दरडींनी बंद पडली होती. किन्नौरच्या काफनूहून भाबा खिंडीमार्गे पिन खोऱ्यातल्या मुद गावापर्यंत रस्ता व्हावा ही स्पितीची जुनी मागणी आहे. तो झाला तर सिमल्याचे अंतर बरेच कमी होईल, मात्र तो पिन खोऱ्यातील राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून जातो आणि तिथल्या हिमबिबट्याचा व आयबेक्स या रानबकऱ्याचा प्रश्न खरा आहे.

लाहौलला दरम्यान आणखी एक दार मिळते आहे. दारचाहून झंस्कारकडे जाणाऱ्या मार्गावर शिंकुला खिंडीखाली 4.1 किलोमीटरच्या बोगद्याचे काम जुलै 2024 मध्ये सुरू झाले. तो पुरा झाल्यावर लाहौल दोन्ही बाजूंनी उघडा, दिल्ली आणि लडाख यांच्या मधला बारमाही मार्ग होईल. म्हणजे जिल्ह्याच्या आतला, केलाँग ते काझा हा दुवा हंगामीच राहील आणि बाहेरचे दुवे पक्के होत जातील. लष्करी गरज जिथे जाते तिथे पैसा जातो, हे समजण्यासारखे आहे. पण लाहौलला जे मिळाले ते मुख्यतः तो लेहच्या वाटेवर असल्यामुळे मिळाले, तिथल्या माणसांच्या गरजेमुळे नव्हे. ही गोष्ट मान्य केल्याशिवाय स्पितीचा प्रश्न सुटणार नाही, कारण गरज दोन्हीकडे सारखीच होती.

स्पितीने या विरळपणाशी स्वतःची तडजोड फार पूर्वी केली होती. घराची जमीन थोरल्या मुलाकडे अखंड जाई, तो कर्ता झाला की आईवडील मोठ्या घरातून, खांगचेनमधून, धाकट्या घरात, खांगचुंगमध्ये राहायला जात. धाकटे मुलगे गोम्पात भिक्षू होत. पाण्याच्या कुलीवर पोसता येतील तेवढीच घरे राहतील, याची ती व्यवस्था होती. तिच्यात धाकट्यांवर आणि स्त्रियांवर झालेला अन्याय झाकण्याचे कारण नाही. पण आज हिरव्या वाटाण्याचा पैसा, सरकारी नोकरी आणि होमस्टे यांनी ती सैल होत असताना, तिच्या जागी पाण्याचा हिशेब ठेवणारे दुसरे काही उभे राहिलेले नाही. हिवाळी बर्फ कमी पडला की उंचावरच्या गावांत पेरणीच्या पाण्याचीच ओढाताण होते. वाटाणा निघतो जुलै-ऑगस्टमध्ये, दरडींच्या ऐन दिवसांत, आणि तो चार-पाच दिवसांत बाजारात पोचला नाही तर वर्षाची रोकड गेली.

दोनाचा अर्थ

दर चौरस किलोमीटरला दोन माणसे हा आकडा या जिल्ह्याबद्दल सर्वाधिक सांगितला जातो, आणि तोच सर्वाधिक दिशाभूल करतो. जमिनीचा बहुतेक भाग हिमनदी, कडे आणि दगडी उतारांचा आहे. माणसे नदीकाठच्या अरुंद पट्ट्यांत एकत्र राहतात. लाहौलमध्ये 19 हजारांच्या आणि स्पितीत 12 हजारांच्या आसपास लोक 2011 मध्ये मोजले गेले. बर्फबंद भागांत ती गणना देशाच्या इतर भागांआधी, सप्टेंबर 2010 मध्ये झाली होती. त्यामुळे हा आकडा शरद ऋतूतल्या लाहौल-स्पितीचा आहे. फेब्रुवारीत तिथे किती माणसे असतात हे त्यातून कळत नाही, आणि आरोग्य केंद्र, शिधा, इंधन यांची खरी गरज ठरते ती फेब्रुवारीच्या संख्येवर.

त्याच गणनेतील आणखी एक विसंगती विचार करण्याजोगी आहे. सहा वर्षांखालील मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे 1,033 मुली, देशातील उत्तम प्रमाणांपैकी एक; आणि एकूण लोकसंख्येत मात्र हजार पुरुषांमागे 903 स्त्रिया. या फरकाचा मोठा भाग, माझ्या समजुतीप्रमाणे, रस्त्यांवर राबणाऱ्या बाहेरच्या पुरुष मजुरांचा आहे. झारखंडच्या दुमका भागातून आणि नेपाळमधून आलेली ही माणसे दर उन्हाळ्यात खिंडी उघडतात, दरडी हटवतात आणि थंडीत परत जातात. जिल्ह्याच्या लोकांविषयी लिहिताना त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. बोगदा असो वा कुंझुमवरचा बर्फ, त्यांच्या हातांशिवाय यातले काहीच घडले नसते.

राजकीय प्रतिनिधित्वातही संख्या आणि जमीन यांचा मेळ बसत नाही. लाहौल-स्पिती हा हिमाचलातील क्षेत्राने सर्वांत मोठा आणि मतदारांनी सर्वांत लहान विधानसभा मतदारसंघ आहे. 1972 मध्ये लता ठाकूर येथून निवडून आल्या होत्या. त्यानंतर जून 2024 च्या पोटनिवडणुकीत अनुराधा राणा विजयी झाल्या, म्हणजे दुसरी महिला आमदार मिळायला बावन्न वर्षे लागली. स्पितीची मते लाहौलपेक्षा कमी, त्यामुळे प्रतिनिधी कुठलाही असो, त्याचे गणित लाहौलमध्ये सुरू होते.

यावर स्पिती किन्नौरला जोडावी किंवा तिचा स्वतंत्र जिल्हा करावा असे सोपे उत्तर सुचू शकते. मला त्यातले पहिले घाईचे वाटते. किन्नौरच्या तुलनेत स्पितीची लोकसंख्या इतकी कमी आहे की आजचेच दुय्यमत्व नव्या नावाने चालू राहील. बारा-तेरा हजारांचा स्वतंत्र जिल्हा हे ऐकायला विचित्र वाटते, पण अरुणाचलातील दिबांग व्हॅली हा 2011 मध्ये आठ हजारांचा जिल्हा होताच. त्याआधी करता येण्यासारखे बरेच काही आहे. काझाला शस्त्रक्रिया आणि बाळंतपण होऊ शकेल असे रुग्णालय, जिल्हा स्तरावरील न्यायालयाच्या नियमित बैठका, आपत्ती निवारणासाठी काझाला स्वतंत्र निधी आणि यंत्रे, कुंझुमवरचा रस्ता पंधरवडाभर आधी उघडणारी व्यवस्था, आणि हे सारे दरडोई खर्चाच्या निकषावर न तोलता खोऱ्याच्या निकषावर तोलणे. दरडोई हिशेबात काझाचे रुग्णालय कधीच बसणार नाही. ज्या खोऱ्यातून रुग्णाला बाहेर काढायला बारा-चौदा तास लागतात त्या खोऱ्याला एक रुग्णालय, असा हिशेब केला तर ते लगेच बसते.

आगामी जनगणनेत बर्फबंद भागांसाठी 1 ऑक्टोबर 2026 ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली आहे. त्या गणनेतही शरदातलीच माणसे मोजली जातील. जिल्हा प्रशासनाने तिच्या जोडीला पंचायतींकडून हिवाळ्यातील मुक्कामी कुटुंबांची यादी, लाहौल आणि स्पितीची वेगवेगळी, फेब्रुवारी 2027 मध्ये करून घेतली तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. गावागावांतली महिला मंडळे ते काम एका आठवड्यात करू शकतील.